आमची वाटचाल : मीटरच्या खुणेपासून सुतळीपर्यंत

भोसरीतल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर दोन पितळी खिळे ठोकलेले आहेत. त्यांच्यातलं अंतर बरोबर एक मीटर. १९८७ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान थाटलं तेव्हा स्वतःच्या हातानं ठोकले. गिऱ्हाईक यायचं, "पाऊण इंची रबरी, दहा मीटर द्या" म्हणायचं. अण्णा खिळ्यापासून खिळ्यापर्यंत नळी ताणून मोजायचे, सुरी फिरवायचे, नळी आवळायच्या दोन क्लिपा आणि नळीच्या तोंडात बसणारं एक निपल कागदात गुंडाळून द्यायचे. कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेवर चालणारं हत्यार जिथं आहे तिथं नळी लागतेच, आणि एमआयडीसीत शेडला शेड लागून होती. माझं आणि भावाचं शिक्षण, राहतं घर, सगळं त्या दोन खिळ्यांच्या मधून आलं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, एका कंपनीत क्वालिटीला चार वर्षं काढली आणि २००९ मध्ये दुकानात बसायला लागले. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं मला बघून "अण्णांना बोलवा" म्हणायची. जोडाच्या आट्याला मापाचा गेज लावून हा बीएसपी, हा एनपीटी, आट्यांची ही दोन वेगळी मापं एकमेकांत जबरदस्तीनं बसवाल तर गळणारच, असं मी सांगायला लागले तसं ते आपोआप थांबलं.

२०११ च्या पावसाळ्यात एका सकाळी कास्टिंगचं फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांची घासून साफसफाई, करणाऱ्या एका शेडचे मालक नळीचा तुकडा घेऊन आले. रात्रपाळीत हेडरवरून, म्हणजे वरून जाणाऱ्या हवेच्या मुख्य पाइपवरून, खाली आलेली पाऊण इंची नळी निपलावरून सुटली होती आणि बावीस वर्षांच्या एका मुलाच्या तोंडावर बसली होती. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. मालकांचा प्रश्न एकच होता : नळी खराब होती का?

नळी आमच्याच दुकानातली होती. अण्णांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, चिरली, आतलं अस्तर पाहिलं. नळीत काही दोष नव्हता. तिच्या टोकाला बाइंडिंग वायरच्या दोन वेढ्यांचे वळ होते. क्लिप तुटली म्हणून कुणीतरी तार आवळून काम चालवलं होतं. मालक गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आठवड्यापूर्वी त्यांच्याच शेडमधला एक हेल्पर क्लिप मागायला आला होता. त्या मापाची क्लिप आमच्याकडे संपली होती. "दुसरीकडे बघा" एवढं बोलून मी त्याला परत पाठवलं होतं. कशाला हवी, सध्या काय बांधलंय, हे विचारलं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

त्याच आठवड्यात मी परवानगी मागून ती शेड बघायला गेले. दोन वर्षं नळ्या विकत होते, पण विकलेली नळी पुढं जाऊन कुठं पडते हे तोवर नीट पाहिलंच नव्हतं. सगळ्या नळ्या जमिनीवर होत्या. एकीवरून ट्रॉलीचं चाक जाऊन जाऊन ती चपटी झाली होती. पंधरा मीटरची नळी चार मीटरच्या कामाला लावलेली, उरलेल्या अकरा मीटरचं भेंडोळं ऑपरेटरच्या पायात. माणसं ती ओलांडताना खाली न बघता पाय उचलत होती, इतकी सवय झालेली. मला तीन ठिकाणी गळत्या हवेची फुसफुस ऐकू येत होती आणि तिथल्या कुणालाच ती ऐकू येत नव्हती.

घरी येऊन हिशेब केला. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि दाब ७ बार. नळीच्या तोंडावर वीस किलोच्या आसपास जोर येतो. क्लिप तो रोज धरून ठेवते, तार धरत नाही. शिवाय सुटलेल्या नळीतून हवा ज्या बाजूला निघते त्याच्या उलट बाजूला तोंड फेकलं जातं, मग दिशा बदलते, पुन्हा फेकलं जातं. ती सापासारखी वळवळत नाही, चाबकासारखी फटकारते, आणि टोकाला लोखंडी कपलर, म्हणजे नळी जोडायचा-सोडवायचा जोड, असेल तर काय होतं ते सांगायला नको. मागचा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ती थांबत नाही. त्या शेडमध्ये व्हॉल्व्ह बारा फुटांवर, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा होता.

मी अण्णांना म्हटलं, नुसती नळी विकायची नाही, ती कशी टांगायची, किती लांब ठेवायची, कुठं जोडायची हेही आपण करून द्यायचं. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नळी पायदळी आली नाही तर वर्षानुवर्षं टिकेल. मग आपण विकायचं काय?" प्रश्न खरा होता. तुडवलेली, उन्हात कडक झालेली, चिरलेली नळी हीच आमची पुन्हापुन्हा येणारी कमाई होती. मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडे ते नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अण्णांनीच तीन मापांच्या क्लिपांची दुप्पट ऑर्डर दिली आणि काउंटरवर पाटी लावली : तार बांधू नका, क्लिप नसेल तर आम्ही आणून देऊ.

पहिलं काम मिळालं ते तळवड्यातल्या एका लहान असेंब्ली शेडचं. सहा टेबलं, सहा एअर रेंच, म्हणजे हवेवर नट आवळणारी हत्यारं. मी नळीची लांबी काढायला मेजरिंग टेप घेऊन गेले आणि फसले. टेपनं टेबलापासून ड्रॉपपर्यंतचं, म्हणजे हेडरवरून खाली आणलेल्या पाइपपर्यंतचं, अंतर मिळतं. माणूस कसा हलतो ते मिळत नाही. तिथल्या एका जुन्या ऑपरेटर मावशींनी पॅकिंगची सुतळी काढली, एक टोक वर बांधायला लावलं, दुसरं रेंचला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आता मी काम करते, तुम्ही बघा." त्या वाकल्या, मागच्या ट्रेमधून नट घेतले, जॉबच्या पलीकडे हात नेला, रेंच खाली ठेवली. सुतळी जिथं ताणली तिथं मी गाठ मारली, जिथं लोंबली तिथं दुसरी गाठ. त्या दोन गाठींच्या मधली लांबी हीच त्या टेबलाची नळी. त्याच मावशींनी रेंच टांगायला कमरेच्या उंचीवर डाव्या हाताला आकडा मागितला. हत्यार खाली ठेवायला जागा नसली की ते जमिनीवर जातं, आणि त्याच्यामागून नळीही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत सुतळीचा गुंडा असतो.

त्याच शेडमध्ये एक गोष्ट आकड्यात दिसली. रेंच ढिली चालते म्हणून मालक मोठा कॉम्प्रेसर घ्यायच्या विचारात होते. हेडरवर दाब ६.८ बार. रेंच चालू ठेवून तिच्या तोंडाशी दाबाचा गेज लावला तर ४.९. मधे ८ मिलिमीटर बोअरची पंधरा मीटर नळी. बोअर थोडा लहान झाला की दाबातली घट कितीतरी पटीनं वाढते, जवळपास व्यासाच्या पाचव्या घातानं. आम्ही १३ मिलिमीटरची आठ मीटर नळी लावली, अरुंद कपलर बदलले. तोंडाशी ६.४ मिळाला. नवा कॉम्प्रेसर घेतला गेला नाही. एक सांगून ठेवते : हत्यार बंद असताना घेतलेलं रीडिंग काहीच सांगत नाही, हवा वाहत नसेल तर दोन्ही टोकांना दाब सारखाच दिसतो.

तरी पैसे मिळवणं सोपं नव्हतं. लोक नळीचे पैसे देतात, बघण्याचे देत नाहीत. मार्ग सापडला तो गुरुवारच्या सुट्टीत. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी शेड बंद असतात. आम्ही मालकांना म्हणायचो, गुरुवारी तासभर या, फक्त कॉम्प्रेसर चालू करा, एकही हत्यार नको. मग घड्याळ लावायचं. सगळं बंद असताना कॉम्प्रेसर दोन मिनिटं हवा भरतोय आणि सहा मिनिटं थांबतोय, म्हणजे आठातली दोन मिनिटं तो केवळ गळतीसाठी भरतोय. पंचवीस टक्के. शांत शेडमध्ये फुसफुस स्वतःच्या कानांनी ऐकू येते, आणि साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात ते मालक स्वतः बघतात. ७ बारला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॉट वीज खातं. कॉम्प्रेसर दिवसरात्र, वर्षाला तीनशे दिवस चालला आणि युनिट आठ रुपयांनी धरलं, तर ते एक भोक वर्षाला पावणेदोन लाखांच्या जवळ जातं. हा हिशेब मी मालकांच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवायचे. सुरक्षेचं बोलणं ऐकून घेणारे बरेच भेटतात. वीजबिलाचं ऐकून त्याच दिवशी काम देणारे जास्त भेटले. मला त्याचं वाईट वाटत नाही. गळणारं जोड आणि सुटणारं जोड बहुतेक वेळा एकच असतं.

एक काम मात्र आम्ही स्वतः बिघडवलं. असेंब्लीत यश आलं म्हणून २०१४ मध्ये एका फेटलिंग शॉपमध्ये वरून टांगलेल्या स्प्रिंगच्या रील आणि हलक्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन प्लॅस्टिकच्या, नळ्या बसवल्या. पहिल्या दिवशी फार देखणं दिसलं. दोन महिन्यांत ग्राइंडिंगची धूळ रीलमध्ये जाऊन नळी परत गुंडाळेना, आणि ठिणग्यांनी पीयूला ठिकठिकाणी भोकं पाडली. ते सगळं काढलं, पदरमोड करून जाड रबरी नळ्या आणि साधे फिरते हात बसवले. ठिणगी उडते तिथं पीयू नको, हे मला कागदावर माहीत होतं, पण रीलच्या मोहात मी ते बाजूला सारलं. त्या वर्षी दिवाळीला कामगारांचा बोनस देताना अण्णांनी बचतीतून भर घातली.

त्यानंतर काही गोष्टी आम्ही घासाघिशीत कधी सोडून दिल्या नाहीत. अर्ध्या इंचाहून मोठी नळी असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना धरणारी स्टीलची दोरी, आणि नळीच्या सुरुवातीला एअर फ्यूज, म्हणजे नळी तुटून हवेचा प्रवाह एकदम वाढला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. कपलर दोन टप्प्यांचे : पहिल्या टप्प्यात हवा निघून जाते, दुसऱ्यात निपल हातात येतं, त्यामुळं ते गोळीसारखं उडत नाही. प्रत्येक ड्रॉपला हात पोचेल तिथं बॉल व्हॉल्व्ह. ड्रॉप हेडरच्या वरच्या बाजूनं काढायचा, नाहीतर पावसाळ्यात हेडरमध्ये साचलेलं पाणी थेट हत्यारात. आणि वेल्डिंगच्या जवळ निळी नळी हवेसाठी नाही, कारण ऑक्सिजनची नळीही निळीच असते. ल्युब्रिकेटरमधून, म्हणजे हत्यारासाठी हवेत तेल सोडणाऱ्या उपकरणातून, आलेली हवा तेलकट असते. ती ज्या नळीतून गेली ती चुकून ऑक्सिजनला लागली तर तेल पेटू शकतं. तिथं आम्ही हवेला पिवळी देतो, मग साहेबांना रंग आवडो न आवडो.

ब्लो गनबद्दल, म्हणजे हवेचा झोत मारायच्या पिस्तुलाबद्दल, मी थोडी कठोर बोलते. पाळी संपल्यावर कपड्यांवरची धूळ हवेनं उडवायची सवय जवळपास प्रत्येक शेडमध्ये आहे. हवा जखमेतून त्वचेखाली जाऊ शकते, रक्तात गेली तर माणूस दगावू शकतो, बारीक कीस डोळ्यात जातो. थट्टामस्करीत कॉम्प्रेसरची हवा दुसऱ्याच्या शरीरात सोडली आणि त्यात जीव गेला, अशा बातम्या आपल्याकडे पुन्हापुन्हा येतात. म्हणून काम घेताना मी दाब कमी ठेवणारी गन आणि कपडे झटकायला साधा ब्रश, दोन्ही कोटेशनमध्ये घालते. ब्रशाचे पैसे लावत नाही. आणि गन दाखवताना पाळीतल्या सगळ्यांना समोर उभं करून ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगते. ऐकताना मुलं खाली बघतात. ती त्यांना कुणी आधी सांगितलेली नसते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीन महिने जवळपास काहीच आलं नाही. त्याच काळात भावानं बसून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नळ्यांची वही केली : नळीला नंबर, बसवल्याची तारीख, बोअर, लांबी, कुठल्या टेबलावर. आज सहाशेच्या वर नळ्या त्या वहीत आहेत आणि दर सहा महिन्यांनी आमचा माणूस जाऊन त्या हातानं चाचपून येतो. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर या वहीत मिळालं. नळीचा खप खरंच कमी झाला, पण ती राखण्याचे पैसे आता लोक देतात. आम्ही अकरा जण आहोत. २०११ ला ज्या शेडमध्ये अपघात झाला ती शेडही वहीत आहे, पान पहिलं.

अण्णा आता पंचाहत्तरीत आहेत. गुरुवारच्या चाचणीला घड्याळ धरायला ते अजून हट्टानं येतात. खंडेनवमीला काउंटरवरच्या खिळ्यांना झेंडू वाहतात आणि गेली काही वर्षं शेजारी सुतळीचा गुंडाही ठेवतात.

सध्या चाकणजवळ वायर हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या एका शेडचं काम चालू आहे. आठ टेबलं. सात नळ्या कापून, टॅग लावून तयार आहेत, या गुरुवारी वर चढतील. आठवी अजून गुंडाळीतच आहे. त्या टेबलावर काम करणाऱ्या ताई गावी गेल्यात, त्या डावखुऱ्या आहेत असं सुपरवायझर म्हणाले. सोमवारी त्या येतील, मग सुतळी घेऊन जाऊ.