कोन जमला, पण…
आज पवईच्या लॅबमध्ये दिवसभर क्षेपणास्त्राला दिशा देण्याचं सिम्युलेशन. लक्ष्य गाठायला प्रपोर्शनल नेव्हिगेशन (दृष्टिरेषा, म्हणजे क्षेपणास्त्रापासून लक्ष्यापर्यंतची रेषा, जितक्या वेगाने फिरते त्या प्रमाणात वळायचं) पुरतं. पण ठरलेल्या कोनातूनच आदळायचं म्हटलं की खरी कसरत. दृष्टिरेषेच्या कोनातली चूक आणि तिचा फिरण्याचा वेग मिळून स्लायडिंग सरफेस (ज्यावर राहिलं की चूक शून्याकडे घसरत जाते अशी अट) बांधला. कोन अगदी बरोब्बर आला! आणि कंट्रोल सिग्नल? बेस्टच्या जुन्या बसच्या खिडकीसारखा नुसता थडथडतोय. खऱ्या क्षेपणास्त्रात ॲक्च्युएटरची (सिग्नलप्रमाणे पंख हलवणाऱ्या यंत्रणेची) वाटच लागली असती. कंट्रोलमधलं सिग्नम (फक्त अधिक-उणे बघून एकदम पूर्ण जोर लावणारं फंक्शन) काढून सॅच्युरेशन (शून्याजवळच्या पट्ट्यात जोर हळूहळू बदलणारं) टाकलं. थडथड थांबली, पण कोन जरासा सुटला. फुकट काहीच मिळत नाही राव (चहासुद्धा). संशोधक लेवांतने १९९३मध्ये मांडलेलं सुपर-ट्विस्टिंग (थडथड कमी करणारी स्लायडिंग पद्धत) उद्या लावून बघणार. तोवर कुणी बाऊंडरी लेयरची (सॅच्युरेशनच्या त्या शून्याजवळच्या पट्ट्याची) जाडी सुचवेल का?