मार्केट परत वर येतं, पण आपली बिलं थांबत नाहीत

सध्या जिकडेतिकडे एआयचे शेअर घ्यायचं चाललंय आणि कोणी जरा शंका काढली की लगेच ऐकवतात, अगं लाँग टर्म बघ, मार्केट शेवटी वरच जातं. खोटं नाहीये ते. पण किती वर्षांनी, आणि तोवर घर कशावर चालवायचं, हे कोणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

10 मार्च 2000 ला नॅसडॅक, म्हणजे टेक कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतला शेअर निर्देशांक, 5048 वर बंद झाला होता. इंटरनेट जग बदलणार म्हणून लोक कुठल्याही भावाला काहीही घेत होते. ऑक्टोबर 2002 पर्यंत तो 1114 वर आला, म्हणजे शंभराचे बावीस राहिले, आणि बावीसचे परत शंभर व्हायला साडेचार पट वाढ लागते, त्यामुळे जुनी पातळी दिसायला 2015 उजाडलं. पंधरा वर्षं! आणि इंटरनेटने जग तर खरोखरच बदललं, त्यात काहीच खोटं निघालं नाही. सिस्कोचंच बघा. तेव्हा नेटवर्कचं सामान म्हटलं की सिस्को, आज चिप म्हटलं की एनव्हिडिया तसंच, मार्च 2000 मध्ये थोडे दिवस ती जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती. कंपनी बुडाली नाही, नंतर वर्षानुवर्षं नफा कमावला, तरी शेअरला तो भाव परत बघायला 25 वर्षं लागली.

अ‍ॅमेझॉन पण तेव्हा नव्वद टक्क्यांच्या वर पडला होता. आता त्याचा चार्ट दाखवून म्हणतात की बघा, धरून ठेवायला हवं होतं. मला याचा खरंच राग येतो. धरून ठेवायला आधी हातात पगार लागतो ना. 2001 मध्ये टेकमधल्या किती जणांची नोकरी गेली, आणि बचत होती ती त्याच कंपनीच्या शेअरमध्ये, म्हणजे दोन्ही एकदमच गेलं. त्यांना कुठून सुचणार लाँग टर्म.

आमच्या घरी हे मार्च 2020 मध्ये झालं. बाबांचं ऑपरेशन तेव्हाच करायला लागलं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून मोबाईलवर फंडाची युनिटं विकायला काढत होते आणि ताई शेजारी खर्चाचा कागद घेऊन एकेक आकडा वाचत होती, भूलतज्ज्ञाचे वेगळे आहेत गं, आयसीयूचे रोजचे वेगळे धर. स्क्रीनवर सगळं लाल. एसअँडपी 500 हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक 19 फेब्रुवारी ते 23 मार्चमध्ये 34 टक्के पडला, आणि ऑगस्टमध्ये परत उच्चांकावर होता. इतिहासात बघितलं तर फार झटपट सावरला म्हणतात, बरोबरच आहे, पण ऑपरेशन ऑगस्टपर्यंत थांबणारं नव्हतं. विकलं त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, बाबा घरी आले. फक्त तेव्हापासून कोणी सरासरी परतावा सांगायला लागलं की मला तो कागद आठवतो.

27 जानेवारी 2025 ला एनव्हिडिया एका दिवसात 17 टक्के पडला, जवळपास 600 अब्ज डॉलर गेले, पुढे सावरला आणि त्याच वर्षी 5 लाख कोटी डॉलरपर्यंत पोचला. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला होता ते हे आता हसत सांगतात. ज्यांनी उधारीवर घेतला होता त्यांना मात्र ब्रोकर मार्जिन, म्हणजे तारण म्हणून आणखी पैसे, भरा नाहीतर विकतो म्हणतो, आणि त्याच पडलेल्या भावाला विकून मोकळा होतो.

मावसभाऊ मागे लागलाय, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे एआयच्या फंडात टाकू का म्हणून. फी दोन वर्षांनी भरायचीय. मी त्याला एवढंच सांगितलं की फीचे पैसे बाजूला काढ, मुदत ठेवीत टाक, वर जे उरेल ते खुशाल टाक एआयमध्ये, माझाही विश्वास आहेच त्याच्यावर. त्याचं म्हणणं आहे की मग उरतंच किती. जेवढं उरतंय तेवढंच टाक म्हटलं.