बिनअंड्याचा फ्रेंच टोस्ट

रविवार, फेब्रुवारीअखेर

आज घरात वाद झाला तो अंड्यावरून. नवऱ्याचं म्हणणं, अंडं नसेल तर त्याला फ्रेंच टोस्ट म्हणूच नये. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अंड्याचा वासही खपत नाही. त्यामुळे असा बेत असला की आमच्याकडे दोन तवे चढतात, एकावर त्याचा, दुसऱ्यावर आमचा. लेकीचे दोन्ही डगरींवर हात; ज्या तव्यावरचं आधी उतरेल ते तिचं.

मी आईंच्या बाजूची, आणि ते काही फक्त सून म्हणून नाही. रोमन काळातल्या पाककृतींचा जो संग्रह आजवर टिकून आहे, त्यात या पदार्थाचा पूर्वज सापडतो. पांढऱ्या पावाच्या कडा काढा, मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तेलात तळा, वर मध ओता. एवढंच. मूळ मजकुरात अंड्याचं नावही नाही. हे नवऱ्याला ऐकवलं तर म्हणतो, "मग रोमन टोस्ट म्हण."

अंड्याचं काम काय, तर पावात शिरलेलं दूध तव्यावर आतल्या आत धरून ठेवायचं. ते काम कॉर्नफ्लोअरही करतो. कस्टर्ड पावडर म्हणजे तरी दुसरं काय? कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. शिवाय ती जन्मालाच आली अंडं न चालणाऱ्या बाईसाठी. १८३७ साली बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी ती केली, कारण त्यांच्या बायकोला अंड्याची ॲलर्जी होती. हे सांगितल्यावर आईंनी आपल्या लेकाकडे नुसतं बघितलं. "शीक काहीतरी," म्हणाल्या.

आमचं प्रमाण असं: १ कप गार दूध, २ मोठे चमचे कस्टर्ड पावडर, तेवढीच साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची. दूध गारच हवं, गरम दुधात पावडरच्या गुठळ्या होतात. आणि कॉर्नफ्लोअर तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक स्लाइस बुडवायच्या आधी एकदा ढवळायचं. नाहीतर पहिले टोस्ट नुसते दुधाचे आणि शेवटच्यावर खळीसारखा थर.

अंड्याबद्दल मी एक वेळ तडजोड करीन, ब्रेडबद्दल नाही. तो शिळाच पाहिजे आणि जाड कापलेला पाहिजे. दुकानातला मऊ लुसलुशीत सँडविच ब्रेड दुधात घातला की उचलताना निम्मा बोटांत आणि निम्मा भांड्यात. पाव शिळा होतो तेव्हा तो नुसता वाळत नाही, त्यातला स्टार्चही पुन्हा घट्ट बांधला जातो. म्हणून तो दूध पितो आणि तरी उभा राहतो. काल रात्रीच स्लाइस ताटात पसरून ठेवल्या होत्या, वर पातळ फडकं.

तव्यावर तूप. लोणी जळतं, कारण त्यातला दुधाचा अंश काळा पडतो. तुपात तो उरलेलाच नसतो. आच मंद ठेवली. कड खरपूस झाली आणि मध्ये बोटाने दाबल्यावर स्लाइस दबून परत वर आली की उतरवायची.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मंडईबाहेरच्या टोपलीवाल्याला त्याचं काही नाही. तो "गोड आहे ताई, खाऊन बघा" एवढंच म्हणतो. खाऊन बघितली, आंबट होती, घेतली. टोस्टवर घालायच्या कॉम्पोटला, म्हणजे साखरेत जरासं शिजवलेल्या फळाला, आंबटच बरी. बारकी, वाकडीतिकडीही चालते, ती स्वस्तही मिळते. फक्त मऊ पडलेली नको.

पाव किलो फळ, ३ चमचे साखर. अर्धा तास झाकून ठेवलं की पाण्याचा थेंब न घालता फळं आपल्याच रसात अर्धी बुडतात. स्टीलच्या पातेल्यात सात-आठ मिनिटं शिजवलं; ॲल्युमिनियमचं मी टाळते, आंबट रस त्याला लागतो. शिजताना लाल रंग जरा मळकट होतो, फळं फिकी पडतात, आणि क्षणभर वाटतं की गेलं सगळं. मग अर्धं लिंबू पिळलं. चमचा फिरला तिथून रंग उजळत गेला, पातेल्याच्या कडेपर्यंत. आंबटपणात हा लाल रंग जास्त खुलतो. शेवटी चार-पाच कच्च्या फोडी घालून गॅस बंद.

आई डोकावून म्हणाल्या, "अगं, पाक अजून पातळ आहे, तारेवर येऊ दे की." साखरांबा घालणारा हात, त्यांना हे अर्धवट सोडल्यासारखंच वाटणार. पण स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, तारेपर्यंत आटवायला साखर दुप्पट लागते आणि मग फळाची चव मागे पडते. तसंही गार झाल्यावर ते थोडं दाटतंच.

निकाल काय लागला? लेकीने दोन्ही तव्यांवरचे खाल्ले. नवऱ्याने आमच्यातला एक "चवीपुरता" घेतला आणि मग अजून एक. अंड्याचा टोस्ट आतून जास्त लुसलुशीत असतो, हे मात्र मी मान्य करते. आमचा बाहेरून जास्त कुरकुरीत.

थोडं कॉम्पोट उरलंय. साखर कमी, म्हणून ते मुरांब्यासारखं टिकणार नाही. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायला हवं. आईंनी उद्या पोळीबरोबर मागितलंय. मंडईत तुती दिसायला लागली की तिचं करून बघेन, त्यात लिंबू जरा जास्त लागेल.