ढिगाऱ्यांवरची पोरं

आमच्या घरापासून लंडनचं वॉपिंग चालत वीस मिनिटांवर. थेम्सकाठच्या तिथल्या जुन्या गोदामांचे आता महागडे फ्लॅट झालेत. रविवारी तिथून चक्कर मारून आले, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "बस, तुला तिथलीच गंमत दाखवते." आणि त्यांनी 'ह्यू अँड क्राय' लावला. १९४७चा, ईलिंग स्टुडिओचा, कृष्णधवल सिनेमा.

जो कर्बी नावाचा पोरगा मुलांच्या साप्ताहिकातली गुप्तहेरकथा वाचतोय. गोष्टीतल्या लॉरीचा नंबर त्याला रस्त्यावरच्या खऱ्या लॉरीवर दिसतो. चोरांची टोळी त्या गोष्टींमधून एकमेकांना निरोप पाठवतेय! मोठ्यांपैकी कोण विश्वास ठेवणार? पोलीस इन्स्पेक्टर त्याची समजूत काढतो आणि कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात नोकरीला लावतो. मालकाचं नाव नाइटिंगेल. (हाच टोळीचा म्होरक्या. सांगून टाकलं, माफ करा.) गोष्टी लिहिणाऱ्या लेखकाच्या भूमिकेत अ‍ॅलिस्टर सिम. कागदावर खून पाडणारा हा गृहस्थ प्रत्यक्षात असा भित्रा, की मी आजींच्या सोफ्यावर लोळून हसले. मध्येच फुरसुंगीच्या त्या सायकलवाल्याची आठवण झाली. तो इथे असता तर टोळी तासाभरात पकडली असती.

पण डोळे खिळले ते मागच्या दृश्यांवर. हा सेट नव्हे. १९४६ साली बॉम्बनी उद्ध्वस्त झालेलं लंडन जसंच्या तसं कॅमेऱ्यात आलंय. छप्पर नसलेल्या भिंती, अधांतरी जिने, विटांचे डोंगर. कॅमेरा डग्लस स्लोकोम्ब यांचा. पुढे इंडियाना जोन्सचे पहिले तीन सिनेमे यांनीच टिपले. शेवटी शहरभरातून शेकडो पोरं धावत येतात आणि त्या पडझडीत चोरांना अक्षरशः तुडवतात. सिनेमात त्या ढिगाऱ्यांबद्दल कोणी हळहळत बसत नाही. पोरांच्या लेखी ते मैदानच.

"तुम्हीपण खेळायचात तिथे?" मी विचारलं.

"आई बदडायची. तरी जायचो. एकदा एका पडक्या घरात अख्खी किटली सापडली, झाकणासकट."

एक लहानगा ढिगाऱ्यावर एकटाच बसून तोंडानं विमानाचा, मग पडणाऱ्या बॉम्बचा आवाज काढत असतो. मी हसले. आजींनी रिमोट उचलून तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

"आवाज बरोबर काढलाय हं त्यानं," म्हणाल्या, आणि माझ्या कपात चहा ओतला.