तुम्ही विचारलंत म्हणून: रिकाम्या ॲरेचं काय एवढं?

ॲरे म्हणजे प्रोग्रॅममधली यादी. टिळकवाडीतल्या माझ्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासात दर बॅचला हा प्रश्न येतोच. "सर, जावास्क्रिप्टमध्ये रिकामा ॲरे करायला नुसते चौकटी कंस लिहा की न्यू ॲरे लिहा, सारखंच की ओ. मग तुम्ही न्यू ॲरे का खोडता?" परवा एकजण म्हणाला, "बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, बस तिथंच पोचते."

पोचते. दोन्हींची लांबी शून्यच. मी जावा ही वेगळी भाषा शिकून आलेलो, 'न्यू' लिहिल्याशिवाय काही तयार झालं असं वाटायचंच नाही. तो मी आज समोर बसला असता तर मलाही त्यानं हेच ऐकवलं असतं.

खानापूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीचा हिशेब मी लिहून दिला होता. त्या-त्या वेळी दूध घालणाऱ्यांचे कोड नंबर मी न्यू ॲरेच्या पुढच्या गोल कंसात देत होतो. दोन नंबर दिले, वीस दिले, त्यांची यादी व्हायची. जुलैतल्या एका संध्याकाळी ओढ्याला पाणी आलं आणि एकटी मावशी दूध घेऊन आली. कोड ४१२. कंसात एकच आकडा दिला की न्यू ॲरे त्याला लांबी समजतो. तयार झाल्या ४१२ रिकाम्या जागा. यादीतला एकेक नंबर घेऊन बिल करायचं काम फॉरईच या आज्ञेकडं होतं, ती रिकाम्या जागांवर थांबतच नाही, त्यामुळं एरर आला नाही, आणि बिलात ते दूधही आलं नाही.

"एवढ्या पावसात आलो की रे मी," मावशी सांगत होती. कार्डावरची शाई भिजून पसरलेली. रांगेतले लोक बघत होते. आणि मी, कंप्युटर लावून दिलेला माणूस, तिला म्हणालो, "मावशी, तारीख चुकत असेल तुमची."

चूक सापडली आठ दिवसांनी. पैसे द्यायला गेलो तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आलोतो न्हवं मी?"

तुम्ही म्हणाल, दोष आकडा देण्याचा, रिकाम्या कंसाचा नव्हे. बरोबर. २०१५ पासून ॲरे.ऑफ आहे, त्याला एक आकडा दिला तरी तो यादीतच ठेवतो. आणि ठरावीक लांबीचा ॲरे हवा असेल तेव्हा न्यू ॲरे मी स्वतः लिहितो. पण आज रिकामा असलेला तो कंस उद्या कुणीतरी भरणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला नियम म्हणायचं की माझी भीती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या वहीत न्यू ॲरे दिसला तर मी मार्क कापत नाही, खोडतो फक्त.