विहीर, टँक आणि जलाशय : पहिल्या ट्रायथलॉनच्या तयारीचा माझा अनुभव

ट्रायथलॉनचे प्रमाण मानले जाणारे अंतर एकूण ५१.५ किलोमीटर असते. त्यात आधी १.५ किलोमीटर पोहायचे, मग ४० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी १० किलोमीटर धावायचे. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तो याच अंतरांनिशी. साताऱ्यात राहणाऱ्या आणि रोज पहाटे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला यातल्या शेवटच्या दोन भागांची फारशी धास्ती वाटत नाही. यवतेश्वरचा घाट दाराशी आहे आणि हिल मॅरेथॉनने गावाला चढावर धावण्याची चटक लावून बरीच वर्षे झाली आहेत. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवले, तेव्हा माझी खरी तयारी एकूण अंतराच्या तीन टक्केही न भरणाऱ्या त्या पहिल्या भागाभोवतीच फिरणार हे उघड होते.

मला पोहता येत नव्हते असे नाही. टँकमध्ये मी नियमित जात होतो. परंतु टँकमधले दीड किलोमीटर आणि उघड्या पाण्यातले दीड किलोमीटर ही नावापुरतीच सारखी अंतरे आहेत. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये दीड किलोमीटर म्हणजे साठ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी भिंत असते. त्या भिंतीला पाय लावून मिळणारा रेटा आणि वळताना मिळणारा क्षणभराचा विसावा यांचा हिशेब आपण कधीच करत नाही. शिवाय तळाला रंगीत पट्टी असते, तिच्यावरून नजर सरकत राहते आणि आपण सरळ जात आहोत की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. जलाशयात भिंत नाही, पट्टी नाही आणि हाताच्या कोपरापलीकडचे काही दिसत नाही.

धावणाऱ्या माणसाची आणखी एक अडचण असते, जी मला एका जुन्या जलतरणपटूने काठावर उभे राहून नुसते पाहून सांगितली. वर्षानुवर्षे धावून घोटे ताठ झालेले असतात, पाऊल मागे सरळ ताणले जात नाही आणि गुडघ्यातून मारलेली लाथ पुढे नेण्याऐवजी पाण्याला अडवते. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू मात्र भरपूर खातात. म्हणजे घाट चढून कमावलेली ताकद पोहताना जितकी वापरावी तितका दम लवकर लागतो. त्यांनी मला सांगितलेला उपाय साधा होता : लाथ कमी करायची, डोके खाली ठेवायचे म्हणजे कंबर आपोआप वर येते, आणि पुढचे काम खांद्यांकडे व कुशीवर होणाऱ्या वळणाकडे सोपवायचे. घोट्यांसाठी मी रोज रात्री वज्रासनात बसू लागलो. योगासनांचे जे काही फायदे सांगितले जातात त्यांपैकी हा एक मला पायाला जाणवला एवढे खरे.

उघड्या पाण्याची ओळख मी उन्हाळ्यात सासुरवाडीच्या विहिरीत करून घेतली. कोरेगावकडच्या त्या विहिरीत गावातली निम्मी पोरे पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा प्लास्टिकचा कॅन बांधून पोहायला शिकली आहेत. तिथे अंतर कापण्याची सोय नव्हती, परंतु मला अंतर नको होते; खोल, काळे आणि थंड पाणी हवे होते. बाहेर भर उन्हाळा असताना अशा पाण्यात एकदम उतरले की शरीर आपल्याला न विचारता एक मोठा श्वास आत ओढते आणि पुढे काही काळ श्वास भराभर चालतो. हा त्वचेला बसलेल्या थंडीच्या धक्क्याचा परिणाम असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सर्वांत तीव्र असतो आणि एक ते तीन मिनिटांत ओसरतो. त्या अवधीत जोरात हातपाय मारणारा माणूस पाणी पितो. सासरे कट्ट्यावर बसून माझे उतरणे पाहत होते. ते म्हणाले, “पावनं, आधी उताणं पडून ऱ्हावा. हातपाय मारायची घाई करू नगा.” उघड्या पाण्यात अडचणीत आलेल्यांना जीवरक्षक संस्था आज जो पहिला सल्ला देतात, तोही हाच आहे. “बरं मामा,” म्हणून मी उताणा पडलो, श्वास जागेवर येईपर्यंत आकाशाचा गोल तुकडा पाहत राहिलो, आणि मग पोहायला लागलो. तोच क्रम मी पुढे प्रत्येक वेळी पाळला.

श्वासाबाबतची दुसरी गोष्टही विहिरीतच पक्की झाली. पोहताना जीव घुसमटतो तो बहुतेकदा प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर छातीत कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. घाबरलेला माणूस तोंड पाण्याखाली असताना श्वास धरून ठेवतो, आणि वर आल्यावर सोडणे व घेणे ही दोन्ही कामे एका झटक्यात करू पाहतो. पाण्यात असतानाच नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहिले, तर मान वळवल्यावर केवळ श्वास घेणे उरते. मी विहिरीच्या कडेला धरून केवळ एवढाच सराव बराच काळ केला. पोरांना त्याची मोठी गंमत वाटे, कारण त्यांच्या लेखी विहीर ही मुटका मारण्यासाठी असते.

पावसाळ्यात उघड्या पाण्याचे नाव काढायचे नाही हे आमच्या गटाने आधीच ठरवले होते. त्या महिन्यांत टँकमध्येच तीन गोष्टींवर भर दिला : डोळे मिटून दहा-बारा हात मारायचे आणि आपण कोणत्या बाजूला वाहवतो ते पाहायचे, दोन्ही कुशींवर श्वास घ्यायला शिकायचे, आणि एकाच पट्ट्यात तिघांनी खांद्याला खांदा लावून पोहायचे, म्हणजे स्पर्धेत कुणाचा हात डोक्यावर पडला तर त्याचे आश्चर्य वाटणार नाही. डोळे मिटून पोहताना मी सतत उजवीकडे जातो हे कळले, आणि डावा हात पाण्यात अधिक लांबवर टाकू लागल्यावर ते बरेच कमी झाले.

दसऱ्यानंतर जलाशय भरलेले असतात आणि गढूळपणा बसू लागतो. आपल्या जिल्ह्यात धोम, कण्हेर, उरमोडी आणि कोयनेचा शिवसागर अशी पाण्याची श्रीमंती आहे, पण म्हणून वाटेल तिथे उतरायचे नसते. अनेक ठिकाणी पोहण्यास मनाई आहे आणि ती रास्तच आहे : दरवाजांजवळ व सांडव्याजवळ पाण्याची ओढ असते, बुडीत क्षेत्रात जुन्या बांधांच्या भिंती आणि झाडांची खोडे असतात, काठाला गाळ असतो. कासच्या तलावाचे पाणी तर शहराला पिण्यासाठी येते, तेव्हा तो प्रश्नच नाही. आमचा गट रीतसर परवानगी घेऊन, सोबत नाव आणि जीवरक्षक ठेवून पोहत असे. प्रत्येकाच्या कमरेला भडक नारिंगी फुगा बांधलेला असे. तो जीव वाचवण्याचे साधन नव्हे, नावेतून आपण दिसावे यासाठी असतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावण्यात आले. एकट्याने पाण्यात जायचे नाही या नियमाला एकदाही सूट मिळाली नाही.

दिशा कशी धरायची हे मला इथेच खऱ्या अर्थाने समजले. पाण्यातून पाहताना मार्ग दाखवण्यासाठी ठेवलेला खुणेचा फुगा लाटांमागे लपतो, म्हणून त्याच्या मागचा उंच आणि न हलणारा काही तरी ठिपका हेरावा लागतो; आमच्यासाठी ती समोरच्या डोंगराची एक सोंड होती. दर सहा ते दहा हातांमागे केवळ डोळे पाण्याबाहेर काढायचे, खूण पाहायची, आणि श्वास घेण्यासाठी तोंड बाजूला वळवायचे. संपूर्ण डोके उचलले की कंबर बुडते आणि वेग मरतो. या पद्धतीला प्रशिक्षक मंडळी मगरीची नजर म्हणतात. आमच्या गटात सांगलीचे एक जण होते. ज्या जिल्ह्यात कृष्णेच्या काठी खरोखरच मगरी दिसतात, तिथल्या माणसाला हा शब्द ऐकून उत्साह वाटत नाही, असे ते म्हणत.

आणखी दोन गोष्टी जलाशयानेच शिकवल्या. वरचे पाणी कोमट असले तरी शरीर उभे केले की पायांना अचानक गार थर लागतो. तो अपेक्षित असला की भीती वाटत नाही. आणि वारा सुटला की लाट ज्या बाजूने येते तिच्या उलट कुशीवर श्वास घ्यावा लागतो, म्हणूनच दोन्ही बाजू सारख्या तयार असाव्या लागतात. वेटसूटवर, म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखावर, पैसे खर्च करावेत का, असे नवे लोक नेहमी विचारतात. हौशी स्पर्धकांना या अंतरात २२ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाण्यात तो वापरता येत नाही, असा जागतिक संघटनेचा नियम आहे, आणि आपल्याकडचे पाणी बहुधा त्याहून गरमच असते. ते पैसे चांगल्या गॉगलवर घालावेत.

सायकल आणि धावणे यांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. घाटातल्या चढाने दम वाढतो, परंतु स्पर्धेचा रस्ता सपाट होता, म्हणून मी माहुलीवरून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकाच लयीत पॅडल मारण्याचा सराव केला. फुलांच्या हंगामात कासच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तेव्हा तो मार्ग तसाही बादच होता. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव मात्र टाळू नये. पहिला किलोमीटरभर मांड्या आपल्या वाटतच नाहीत आणि त्या तशाच राहणार नाहीत हे आधी अनुभवलेले असावे लागते. खाण्यासाठी केळी, खजूर आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरले. कंदी पेढाही करून पाहिला. चव उत्तम, पण भर वेगात तो टाळूला चिकटतो.

स्पर्धेच्या दिवशी मी मुद्दाम घोळक्याच्या मागे आणि कडेला उभा राहिलो. दमलेल्या स्पर्धकाने बचाव पथकाच्या नावेला धरून विसावा घेतला तरी तो बाद होत नाही, फक्त त्या आधाराने पुढे सरकायचे नसते. हा नियम माहीत असल्यामुळेच कदाचित मला नाव धरावी लागली नाही. पाण्यात शिरल्यावर थोडा वेळ उताणा राहिलो, पुढचा गोंधळ निघून जाऊ दिला आणि मग सोंडेऐवजी तिथल्या एका मोबाइल टॉवरवर नजर ठेवून पोहलो. पोहण्याचा वेळ मी धरला होता त्याच्या आतच आला. सायकल रॅकवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असावा लागतो, नाही तर दंड होतो, तेही नीट पार पडले. वेळ गेला तो ओल्या पायांत मोजे चढवण्यात. पुढच्या हंगामासाठी आता मोज्यांत आधीच टाल्कम पावडर घालून ते तोंडापाशी दुमडून ठेवण्याचा सराव चालू आहे.