पहिल्या मजल्यावरचा कॉम्पॅक्टर

2019च्या पुरात तळमजल्यावरचं दप्तर भिजलं, तेव्हापासून सांगलीत कागद वर हलवायची घाई असते, आणि ती रास्तच आहे. गावभागातल्या एका पतसंस्थेने आम्हाला स्लॅब तपासायला बोलावलं तेव्हा पहिल्या मजल्यासाठी कॉम्पॅक्टरचं, म्हणजे रुळांवर सरकून एकमेकांना चिकटणाऱ्या रॅकचं, कोटेशनसुद्धा हातात होतं. "साहेब, सभेला ही खोली माणसांनी गच्च भरते, स्लॅबला कधी काही झालं नाही. मग फायलींनी काय होणार?" चेअरमन म्हणाले.

आधी फायली मोजल्या. एक फूट रांग दोरीने बांधून काट्याला लावली: 12 किलो. तीन फुटी रॅकचा एक कप्पा 36 किलो, सहा कप्पे आणि रॅकचं लोखंड धरून 250 किलो. रॅक 15 इंच खोल, म्हणजे त्याच्याखाली चौरस मीटरला साधारण 720 किलो. पाठीला पाठ लावून रॅक ठेवले आणि मधे अडीच फूट वाट सोडली, तर सरासरी 360वर येते. कॉम्पॅक्टर नेमकी ही वाटच खातो. रूळ धरून 750.

स्ट्रक्चरल ड्रॉइंग कुठेच मिळालं नाही. डक्टच्या कडेला स्लॅब पाच इंच भरला, वर तीन इंच फरशी आणि भरणी. रिबार लोकेटर (काँक्रीटमधली सळई शोधणारं यंत्र) फिरवून खालून एका जागी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडलं: 8 मिमी सळई, सहा इंचांवर. 3.2 मीटरचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर), काँक्रीट एम15 ताकदीचं धरून हिशेब केला. स्वतःचं वजन वजा जाता चौरस मीटरला 270 किलो उरले. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस 875, ऑफिसच्या खोलीला, स्टोअर वेगळं असेल तर, 2.5 किलोन्यूटन म्हणजे साधारण 255 किलो धरतं. फायलींच्या खोलीला 5 किलोन्यूटन. इमारत ऑफिससाठीच बांधली होती.

माणसं दोन तासांत उठून जातात. फायली वर्षानुवर्षं तिथेच असतात, आणि कायमच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू झोल घेत राहतं.

"लोड टेस्ट करून बघा की," असा आग्रह झाला. या टेस्टला सव्वापट भार 24 तास ठेवावा लागतो, म्हणजे चौरस मीटरला सिमेंटची जवळजवळ 19 पोती. आकडाच नाही म्हणत असताना स्लॅब मोडून खात्री करू नये.

मधे खालून आय-सेक्शन (लोखंडी तुळई) घाला, असंही बरेच जण सुचवतात. पण नव्या आधारावर स्लॅबचा वरचा भाग ताणाखाली येतो, आणि तिथे वरची सळई नसतेच. तडा फरशीखाली पडतो, दिसतही नाही. शिवाय वाढलेला भार शेवटी कॉलम आणि पायाकडेच जातो.

कॉम्पॅक्टर रद्द केला. दोन्ही लांब भिंतींना, बीमच्या अंगाला, एकेरी रॅक लावले, चारच कप्प्यांचे. मधली जागा मोकळी. सरासरी 120 किलोंच्या आत बसलं. मुदत संपलेल्या फायली ऑडिटरला विचारून रद्दीत काढल्या.

एक कोपरा मात्र पूर्ण रिकामा ठेवला. तिथे बाथरूमची गळती होती. फोडलेल्या कव्हरवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं (चांगलं काँक्रीट त्याने गुलाबी होतं), तर काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत पांढरंच राहिलं. गुलाबी रंग उमटला तो 25 मिमीच्या पलीकडे. सळईवरून बोट फिरवलं की गंजाचे पापुद्रे निघत होते. गळती थांबवून ती सळई दुरुस्त होईपर्यंत तिथे कपाटसुद्धा ठेवायचं नाही, असं रिपोर्टमध्ये लिहून दिलं.